उत्तर: आईचं नाव दोन कागदांवर दोन, ‘चालून जाईल ना?’

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकची मुलांची क्वायर (समूहगानाचा गट), २८ जण, जुलैत ऑस्ट्रियातला महोत्सव. पोशाखाला पैठणीची किनार लावावी का, गाणी कोणती घ्यावीत, विमानात हार्मोनियम कुठे ठेवू देतात, असे पाच-सहा प्रश्न आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता टाकलेली एक ओळ: ‘एका मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे, पण ते चालून जाईल ना?’

ताई, किनार कुठलीही लावा. मी त्या शेवटच्या ओळीपाशी थांबलो. २०१८ साली हेच वाक्य मी जसंच्या तसं बोललो होतो, आणि त्यापायी आमच्यातली एक मुलगी विमानतळावर आली ती आम्हाला पोचवायला.

थोडी ओळख देतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ठाण्यातली एक क्वायर मी सोळा वर्षं सांभाळली. तीन परदेश दौरे केले. २०१२ला वेल्समध्ये लँगोलेन, २०१४ला लाटव्हियातलं रिगा, २०१८ला मध्य युरोपातला एक लहानसा महोत्सव. मी वकील नाही, एजंट नाही. नियम बदलतात, म्हणून वकिलातीच्या साइटवरची आजची यादी तेवढी प्रमाण माना. पासपोर्ट, विमा, तिकिटं यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही बघितलंच असेल.

आता आमच्या मुलीचं. वय सोळा, आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या आवाजांच्या गटात गायची, क्वायरमधला सगळ्यात भरवशाचा खालचा आवाज. ओवीच्या सुरुवातीला षड्ज धरून उभी राहायची ती हीच. तिची आई माहेरची मंगल, सासरची मानसी. (नावं बदलली आहेत, तऱ्हा तीच.) लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. कागदावर काहीच झालं नाही. पुढं पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्याचा फॉर्म भरला मामानं, आणि मामानं बहिणीचं नाव जन्मभर हाक मारली तेच सांगितलं. म्हणजे जन्मदाखल्यावर आई मंगल. त्यावरून काढलेल्या मुलीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरही मंगल. आईचं स्वतःचं आधार, पॅन, बँक सगळीकडे मानसी.

मूल अठराच्या आतलं असलं की आई आणि वडील दोघांचं संमतिपत्र लागतं. आमच्या संमतिपत्रावर सही मानसीची. व्हिसा देणाऱ्यानं काय समजायचं? वडिलांची संमती आहे, ही मानसी कोण ते माहीत नाही, आणि आईची संमती कुठे आहे? त्याच्या जागी मी असतो तर मीही अर्ज बाजूला ठेवला असता. त्यामुळे राग त्याच्यावर नाही.

राग माझ्यावर आहे. जानेवारीत फायली लावताना मला हे दिसलं होतं. पिवळी चिठ्ठी चिकटवली, ‘आईचं नाव बघणे’ असं लिहिलं, आणि फाइल बंद केली. एक नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडू, चालून जाईल. चिठ्ठी पुन्हा बघितली मार्च उजाडल्यावर. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज तेव्हा जास्तीत जास्त तीन महिने आधी करता यायचा, त्यामुळे आपल्याकडे वेळ आहे असं उगाच वाटत राहिलं. (२०२०पासून सहा महिने आधी करता येतो. तुम्ही तो वेळ वाया घालवू नका.)

आणि मग दुसरी चूक, जी पहिलीपेक्षा महाग पडली. मी चुकीच्या खिडकीवर गेलो.

मला वाटलं, दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून आणू. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच असते, म्हणजे मुलीच्या आजोळच्या तालुक्याच्या गावी. ठाण्याहून एका दिशेला सात तास. मी आणि मुलीचे वडील तीनदा गेलो. पहिल्या खेपेला खिडकीतल्या माणसानं कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली, निळ्या शाईतल्या नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बरोबर तर आहे. यात चूक कुठाय?” दुसऱ्या खेपेला साहेब मार्चएंडच्या कामात. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, चहा पाजला आणि तेच म्हणाले.

आता इतक्या वर्षांनी कबूल करतो, मुद्द्यात तो माणूस बरोबर होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करता येते, तीही मूळ नोंदीला हात न लावता, समासात लिहून, सही-तारीख घालून. पण नोंद चुकलेली तर हवी! मामानं जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं होतं. माझं भांडण वेगळंच आहे. मी म्हटलं, दुरुस्ती होत नाही एवढं लिहून द्या, मी ते अर्जाला जोडतो. ते काही दिलं नाही. ‘लिहून कशाला, सांगितलं ना.’ लेखी अर्ज दिला तर पोच देईना, पोच मागितली तर शिक्का आत कपाटात, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. साडेतीनला आम्ही निघालो तरी तो जेवतच होता. सात आठवडे त्यात गेले. त्या कचेरीचं नाव लिहीत नाही. सगळीकडे असंच असतं असंही नाही. दुसऱ्या एका मुलाच्या दाखल्यावर त्याचं स्वतःचं नावच नव्हतं, नुसतं ‘मुलगा’, आणि ते काम दुसऱ्या गावी एका दुपारी झालं.

तर माझं ठाम मत असं: दाखला बदलण्याच्या नादी लागू नका. दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करा. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ज्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव कळतं. शिवाय राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नावबदलाची जाहिरात. आणि या दोन्हीच्या जोडीला प्रतिज्ञापत्र. नुसतं प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याबद्दल सांगितलेलं, त्याला वजन कमी. आमच्या मानसीताईंचं लग्न २०००चं, नोंदवलेलंच नव्हतं. जुनं लग्नही दंड भरून नंतर नोंदवता येतं, हे मला मे महिन्यात कळलं. गॅझेट छापून आलं तेव्हा आम्ही तिकडे दुसरा कार्यक्रम करत होतो.

विमानतळावर तिनं मला दोन गोष्टी दिल्या. एक ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की ठरलेला एकच सूर देणारा धातूचा चिमटा, जो कायम तिच्याच दप्तरात असायचा. आणि वहीचं पान, त्यावर अकराही गाण्यांचे सुरुवातीचे स्वर तिच्या अक्षरात, कुठल्या आवाजाला कोणता द्यायचा यासकट. तोवर ते काम ती करते हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

असो. आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे, जमेल तसं.

महोत्सवाला नावांची यादी पाठवताना ती पासपोर्ट समोर ठेवून लिहा, हजेरीपटावरून नको. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधल्या रकान्यात, कधी मुलाच्या नावाला चिकटून, कधी गायब. निमंत्रणपत्र, तिकीट, विमा, पासपोर्ट चारही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर तेच हवं.

शुल्काचं फार जणांना माहीत नसतं. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना ४५. पण ना-नफा संस्थेनं भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला ना-नफा संस्थेतर्फे जाणारे २५ वर्षांपर्यंतचे असतील तर हे शुल्क माफ होऊ शकतं. तुमची संस्था ट्रस्ट असेल तर निमंत्रणपत्रात तसं स्पष्ट लिहून मागा. व्हिसा केंद्राचा सेवा आकार मात्र भरावाच लागतो. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, बाकी प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. परीक्षेच्या तारखा बघूनच वेळ घ्या.

यजमान प्रवासासाठी पैसे पाठवतो म्हणाले तर हुरळून ट्रस्टच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणगीचा कायदा आहे, नोंदणी किंवा परवानगी लागते. त्यापेक्षा हॉटेलचं बिल त्यांनी तिकडेच भरावं. हे तुमच्या सीएला विचारा, माझ्या शब्दावर नको.

हार्मोनियम नेऊ नका. पटणार नाही, पण नेऊ नका. २०१२ला आमची सामानातून गेली आणि दोन सूर गप्प होऊन उतरली. शिवाय पेटीची सवय असलेली मुलं पेटीशिवाय गायली की गाणं संपेपर्यंत अर्धा स्वर खाली येतात. आत्तापासून आठवड्यातून दोनदा फोर्कवर स्वर घेऊन गाऊ द्या.

गाण्यांबद्दल: आपलं शाळेतलं समूहगान म्हणजे सगळे एकाच सुरात. तिकडे चार आवाज वेगळे ऐकायची सवय. म्हणून घाबरून सगळी इंग्रजी गाणी घेऊ नका, ती तिकडची मुलं आपल्यापेक्षा चांगली गातात. ओवी, गोंधळ, अभंग चार आवाजांत बसवा. कलकत्ता यूथ क्वायरनं १९७४ला कोपनहेगनमध्ये पहिलं बक्षीस घेतलं होतं आणि शिलाँग चेंबर क्वायरनं २०१०ला चीनमधल्या शाओशिंगच्या वर्ल्ड क्वायर गेम्समध्ये तीन सुवर्णं. एवढं मुलांना सांगा, पुरे. मात्र दगडी चर्चमध्ये आवाज चार-पाच सेकंद घुमतो. आमचा गोंधळ तिथं दुसऱ्या ओळीतच खिचडी झाला. द्रुत गाणं असेल तर लय एक पायरी उतरवून तयार ठेवा. छापील स्वरलिपी असेल तर मूळ प्रती न्या. स्पर्धेत झेरॉक्स बघितली तर परीक्षक अडवतात.

पेढ्यांचे डबे नकोत. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात नेता येत नाही, एका आजीचा प्रसाद आम्ही विमानतळावरच्या कचऱ्यात टाकला. भाजणी न्या, चटणी न्या.

मुलांना फिरवायचं ते मनापासून फिरवा. लँगोलेन हे गाव एवढंसं, पण तिथला संगीत महोत्सव १९४७पासून चालू आहे. पुढे ऑपेराचा जगप्रसिद्ध गायक झालेला इटलीचा पावारोत्ती १९५५ साली वडिलांच्या क्वायरमधून तिथं गायला आणि पहिलं बक्षीस घेऊन गेला, हे ऐकल्यावर आमची मागच्या रांगेतली दोन पोरं पहिल्यांदा सरळ उभी राहिली. रिगाला मेझापार्कचा खुला रंगमंच दाखवायला नेलं. तिथल्या गाण्याच्या उत्सवाची परंपरा १८७३पासूनची, आणि हजारो माणसं एकदम एका रंगमंचावर गातात. रिकाम्या पायऱ्यांवर उभं राहून आमच्या २४ जणांनी एक कडवं म्हटलं, अगदी चिमुकलं ऐकू आलं.

पुन्हा भरकटलो. तुमच्या त्या मुलीच्या आईचं लग्न नोंदवलेलं आहे का, आणि मुलीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं कुठलं नाव आहे, एवढं आज रात्रीच फोन करून विचारा आणि इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.