बटण दाबलं, तरी संगणक ढिम्म

प्रश्न: चवथीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच संगणक जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी-५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (भिंतीतल्या विजेतून संगणकाला लागणारी वीज करून देणारा डबा). बोर्डावर एक बारीक दिवा लागतो. पण कॅबिनेटचं बटण दाबलं की काही म्हणजे काही होत नाही, पंखासुद्धा हलत नाही. दुकानदार म्हणतो, ‘बोर्ड गेला असेल, घेऊन या.’ वाळपईहून पणजीला खेप घालण्याआधी घरी काय तपासता येईल?

उत्तर: बोर्ड सोडवायची घाई नको. नव्या जुळणीत तो सहसा शेवटचा संशयित असतो.

त्या दिव्यावरून बरंच कळतं. संगणक बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज पुरवत असतो. दिवा लागतो त्या अर्थी भिंतीतला सॉकेट, केबल आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच इथवर सगळं ठीक आहे. (दिवाही लागत नसेल, तर आधी तो स्विच बघा. बंद राहिलेला सापडतो आणि कुणी कबूल करत नाही.) आता दोनच शक्यता: बटणाचा निरोप बोर्डापर्यंत पोचत नाही, किंवा पोचतो, पण एसएमपीएस सुरू होत नाही.

पहिली शक्यता दोन मिनिटांत निकालात निघते. बोर्डाच्या खालच्या कडेला फ्रंट पॅनलचा हेडर असतो: पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यात एका टोकाची एक पिन मुद्दाम गाळलेली. बहुतेक बोर्डांवर, पिन गाळलेल्या ओळीत त्या रिकाम्या जागेला लागून ज्या दोन पिना असतात, त्या पॉवर स्विचच्या. तरी पुस्तिकेतल्या आकृतीशी एकदा ताडून बघा. त्याच्या समोरच्याच ओळीत रीसेटच्या पिना असल्याने एका ओळीची चूक सहज होते. पॉवर स्विचचा छोटा कनेक्टर काढा आणि सपाट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना अर्धा सेकंद जोडा. संगणक उठला, तर बोर्ड ठणठणीत आहे. कनेक्टर चुकीच्या जागी होता किंवा कॅबिनेटचं बटण खराब आहे. बटण खराब निघालं, तर रीसेटचा कनेक्टर पॉवरच्या पिनांवर लावा. दोन्ही बटणं एकाच जातीची, दाबलं की क्षणभर जोडणारी; काम अडत नाही. स्विचला उलट-सुलट नसतं, ते दिव्यांना असतं.

तरीही ढिम्म असेल, तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर. नव्या बोर्डावर तो चांगलाच घट्ट जातो आणि अर्धवट बसूनही बसल्यासारखा दिसतो. स्टँडबायची पिन टेकली की दिवा लागतो, बाकीच्या अधांतरी. काढून पुन्हा दाबा, लॅच ‘टक्’ वाजली पाहिजे. खालून बोटांचा आधार द्या, नाहीतर बोर्ड वाकतो.

मग एसएमपीएस एकटा तपासा. भिंतीवरचा स्विच बंद करून २४ पिनांची केबल बोर्डातून काढा. हिरवी तार आणि शेजारची काळी तार वाकवलेल्या कागदी क्लिपने जोडा. सगळ्या तारा काळ्याच असतील, तर पुस्तिकेत १६ आणि १७ क्रमांकाच्या जागा बघा. एसएमपीएसच्या पॉवर केबलवर थेट चालणारा एखादा पंखा असेल तर तो जोडून ठेवा, कारण आजकाल पुष्कळ एसएमपीएसचे स्वतःचे पंखे कमी भारावर फिरतच नाहीत आणि चांगला एसएमपीएस उगाच मेलेला वाटतो. आता वीज सुरू करा. मल्टिमीटर असेल तर पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ दाखवायला हवी. काही झालं तरी एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेले राहतात.

एसएमपीएस चांगला निघाला, तर तुमच्या बाबतीत आमचा संशय स्टँडऑफवर, म्हणजे बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर आहे. मायक्रो-एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवताना मोठ्या बोर्डासाठी आधीच लावलेले पितळी स्टँडऑफ तसेच राहतात. जिथे बोर्डाला भोकच नाही, तिथला स्टँडऑफ मागच्या झाळलेल्या टोकांना टेकतो आणि शॉर्ट होतो. एसएमपीएसचं संरक्षण लगेच वीज तोडतं. कधी पंखा एक झटका देतो, कधी तेवढंही नाही. एकदा तोडल्यावर भिंतीवरचा स्विच मिनिटभर बंद ठेवल्याशिवाय तो पुन्हा प्रयत्नही करत नाही. म्हणून बोर्ड बाहेर काढा, भोकं मोजा, स्टँडऑफ मोजा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर (बोर्ड ज्यातून येतो त्या चंदेरी पिशवीवर नाही, तिच्यातून वीज वाहू शकते) बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच रॅम एवढंच ठेवा, एसएमपीएसच्या केबल पुन्हा बोर्डाला लावा आणि पॉवर स्विचच्या पिना जोडून बघा. ग्राफिक्स कार्डही नको. खोक्यावर पंखा फिरला, तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत आहे. तिथेही हलला नाही, तर मात्र पणजी गाठा, आणि एसएमपीएस तपासून झाल्याचं दुकानदाराला सांगा.

प्रश्न: माझा संगणक सुरू होतो, सगळे पंखे फिरतात, पण पडदा काळाच. हा पॉवरचाच दोष का? (पेडणे)

उत्तर: असू शकतो. प्रोसेसरची ८ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि ती विसरली, तरी पंखे मजेत फिरतात. ४+४ अशी दुभंगते ती प्रोसेसरची, ६+२ ती ग्राफिक्स कार्डाची. एकीच्या जागी दुसरी रेटू नका. मॉड्यूलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल, तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल लावू नका. टोकं जुळतात, पण आतली पिनांची रचना वेगळी असू शकते आणि भाग जळतात.

मॉनिटरची केबल बोर्डाला लावली आहे की ग्राफिक्स कार्डाला? रायझन ५ ५६०० किंवा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येत नाही. रॅम डीडीआर-५ या नव्या पिढीची असेल तर पहिल्यांदा रॅम ओळखण्यात काही मिनिटं जातात. तेवढा वेळ काळ्या पडद्यासमोर बसा, मध्येच बंद करू नका.

प्रश्न: कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. पावसात जास्तच. चालवावा का? (म्हापसा)

उत्तर: नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मा, म्हणजे साधारण ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो, पण पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की चांगलंच जाणवतं. जुन्या चिऱ्यांच्या घरांत दोन पिनांचे सॉकेट किंवा नुसतीच दाखवायला असलेली तिसरी पिन अजून सापडते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या आत हवा. अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडत असेल, तर जांभ्याच्या जमिनीत तो वेळोवेळी पाणी घालून ओला ठेवावा लागतो. तोवर प्लग काढून ठेवा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावला असेल, तर तो आजच फेका.