शब्दचर्चा : गुरुत्व, द्रवत्व आणि स्नेह

खानापूरच्या एका विज्ञान शिक्षिकेनं विचारलंय : 'चंद्रावर शून्य गुरुत्वाकर्षण असल्यानं तिथं पाणी तरंगेल' असं मुलं लिहितात. 'शून्य गुरुत्वाकर्षण' बरोबर का? नसेल तर काय म्हणावं?

साफ चूक. दोष मुलांचा कमी, त्यांच्या कानावर हे रोज घालणाऱ्या वृत्तनिवेदकांचा जास्त. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सहावा हिस्सा आहे; तिथं हवाबंद खोलीत तांब्या कलंडला तर पाणी सावकाश का होईना, खालीच येईल. ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकातसुद्धा गुरुत्व जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. त्याला भारहीनता म्हणा, काटेकोर लिहायचं तर सूक्ष्मगुरुत्व. 'गुरू' म्हणजे जड, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खरा रस पुढच्या शब्दात, म्हणजे 'स्नेहा'त आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या २४ गुणांत गुरुत्व, द्रवत्व आणि स्नेह ओळीनं येतात. 'तर्कसंग्रह' या न्याय-वैशेषिकाच्या पाठ्यग्रंथात त्याचे कर्ते अन्नंभट्ट सांगतात : पहिल्या पतनाचं कारण गुरुत्व, पहिल्या वाहण्याचं द्रवत्व, आणि चूर्णाचा पिंड होतो तो स्नेहामुळं. ज्वारीच्या पिठाचा पाण्यानं गोळा होतो, तोच हा स्नेह! २०१३ साली अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी अंतराळ स्थानकात ओला टॉवेल पिळला. पाणी खाली न पडता हातांना लपेटून बसलं. पतन थांबलं, स्नेह उघड झाला. भौतिकीत याला पृष्ठताण म्हणतात. चंद्रावर गुरुत्व आणि स्नेह या दोघांची ओढाताण चालते : बारीक नळीत पाणी इथल्या सहापट चढेल.

अमरकोशानं स्नेह प्रेमाच्या पर्यायांत बसवला आणि लोक स्नेहसंमेलनापाशीच थांबले. स्निह् म्हणजे चिकटणं, ओलसर होणं. तूप, तेल, वसा, मज्जा हे वैद्यांचे चार स्नेह. माया ही त्या चिकटण्यातूनच आली, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या सीमाभागाचं बघा. कन्नड 'एण्णे' म्हणजे तेल : 'एळ्ळु' म्हणजे तीळ, 'नेय्' म्हणजे तूप-तेल, दोन्ही मिळून 'एण्णे'. आपलंही तेल तिळाचंच. प्राकृतात स्नेहाचं 'णेह' होतं. द्राविडी भाषांचे अभ्यासक 'नेय्' स्वतंत्र मानतात आणि 'णेह'शी त्याचं नातं लावू देत नाहीत. मला ते पटत नाही. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, शेजार शतकानुशतकांचा. कोणी कोणाकडून घेतला यावर खुशाल भांडा, पण निव्वळ योगायोग म्हणू नका.

अन्नंभट्टांशीही माझा एक वाद आहे. स्नेह फक्त पाण्यात असतो, असं ते म्हणतात. तेलातला स्नेहही नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) त्यातल्या जलांशाच्या नावावर टाकतात. शनीच्या टायटन या चंद्रावर उणे १७९ अंश सेल्सिअसला पाणी दगडासारखं गोठलेलं असतं आणि तळी भरतात मिथेन-इथेननं. त्या मिथेनचं पृष्ठताण पाण्याच्या सुमारे पाव, तरी त्याचे थेंब बनतात, पाऊस पडतो. 'जलमात्रवृत्ति' (फक्त पाण्यात असणारा) हे विशेषण स्नेहाच्या त्या व्याख्येतून काढायलाच हवं.