काम नव्वद टक्के होतं आणि तिथेच अडकतं

"मॅडम, मी सुरू सगळं करतो पण पूर्ण काहीच होत नाही, मी आळशी आहे का?" स्वतःचा धंदा असणारे हा प्रश्न मला सारखा विचारतात. कुणाची वेबसाइट अर्धवट, कुणाचं नवीन प्रॉडक्ट लेबलपाशी अडकलेलं. आज एका फर्निचरवाल्या क्लायंटबद्दल लिहिते, त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय चाळिशीचं, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं वर्कशॉप, हाताखाली सहा-सात कारागीर. आले तेव्हा पाच साइट चालू आणि पाचही शेवटाला येऊन थांबलेल्या. एका ठिकाणी ट्रॉल्या बसल्यात पण हँडल नाहीत, एका ठिकाणी सिंकच्या कडेला सिलिकॉन मारायचं राहिलंय, आणि एका काकूंकडे तर फक्त एका शटरची बिजागरी ॲडजस्ट करून फायनल बिल द्यायचं होतं, ते चार महिने दिलेलं नाही. शेवटचे दहा टक्के पैसे हँडओव्हरला, म्हणजे काम ताब्यात देताना मिळतात, म्हणजे नफा सगळा तिथेच अडकलेला आणि कारागिरांचे पगार नवीन साइटच्या ॲडव्हान्समधून, म्हणून मग अजून एक साइट घ्यायची आणि जुनी अजून मागे पडायची.

सकाळी आठला शटर उघडणारा माणूस आळशी कसा असेल? रील्स बघून त्यांना एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणाऱ्या विकाराची पण शंका होती. त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून आणि घरी, शाळेत, कामावर अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात, यांच्या बाबतीत तसं काही सापडलं नाही. तुम्हाला तशी शंका असेल तर सायकियाट्रिस्टकडून नीट तपासून घ्या, रीलवरून ठरवू नका.

मी विचारलं, त्या काकूंकडे जायचं म्हटलं की नेमकं काय होतं? बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "गेलो की त्या अजून दोन चुका काढणार, मग मी पैसे कुठल्या तोंडाने मागू?"

गाडी इथे अडली होती. सुरुवातीला कौतुक आणि ॲडव्हान्स मिळतो, शेवटाला तक्रारी ऐकायच्या आणि वर पैसे मागायचे. आज नको, उद्या जाऊ म्हटलं की लगेच हायसं वाटतं, आणि टाळण्याची सवय पक्की होते ती त्या हायसं वाटण्यामुळेच. काम मात्र डोक्यातून जात नाही. रात्री दोनला यांना हँडल आठवायचे. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं की अर्धवट कामाचा नेमका प्लॅन केला तरी, काम व्हायच्या आधीच, ते डोक्यात घोळणं कमी होतं. म्हणून पहिल्याच सेशनला पाचही साइटचं काय काय राहिलंय ते लिहून काढलं, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं की बहुतेक काम तासा-दोन तासांचं होतं.

मग 'झालं' म्हणजे काय ते कोटेशनमध्येच लिहायचं ठरलं. हँडओव्हरला कस्टमरसोबत एक फेरी, तक्रारी एका कागदावर, दोघांच्या सह्या, त्यानंतर निघालेलं काम वेगळं. दुसरं, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांची 'अमुक झालं की तमुक करायचं' ही पद्धत. गुरुवारी डबा गाडीत ठेवला की वर्कशॉपला न जाता आधी जुनी साइट, आणि तिथून निघायच्या आधी उभ्या उभ्याच मोबाइलवर बिल.

काकूंनी दोन नाही, तीन तक्रारी काढल्या! दोन त्याच दिवशी मिटल्या, तिसरीला काच नवीन मागवावी लागली आणि पैसेही थोडे कापून आले. मला वाटलं आता हे खचणार, पण म्हणाले, "कापले तरी चालेल, आकडा तरी कळला."

दिवाळीच्या गर्दीत गुरुवार चुकले तेव्हा परत "माझ्याच्यानं होणार नाही" सुरू झालं. त्यांना लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली यांचा सवयींवरचा अभ्यास सांगितला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक होता, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आठवड्यातून एकदाच करायच्या कामाला तर वेळ लागणारच ना.

एक ऑनलाइन कॅटलॉग पण दोन वर्षं अर्धवट होता, तो आम्ही चक्क बंद केला, डिझायनरचा हिशोब मिटवून. विचार करून सोडलेलं काम हे माझ्या मते संपवलेलंच काम.

आता जुन्यापैकी दोन साइट राहिल्यात, एका घराचे मालक परदेशात आहेत म्हणून त्यांच्याशी तारीख ठरवून ठेवलीये. पैसे मागायचा फोन यांना अजूनही जड जातो, त्यावर आमचं काम चालू आहे. तोपर्यंत बिल पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी फोन त्यांची बायको करते, तसाही हिशोब तीच बघते, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही.