पुण्यात मिळकतकराची ४० टक्के सवलत आपोआप मिळते का? रिसेल फ्लॅटसाठी वेगळा अर्ज करावा लागतो का?

स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला मिळते ती ही सवलत, पण आपोआप काहीही होत नाही. आपोआप येतं ते फक्त बिल.

तुम्ही लिहिलंय की आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिला होता, आता तुम्ही स्वतः राहायला आलात, तरी शेजारच्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा तुमचं बिल बरंच जास्त आहे. आणि कोणीतरी सांगितलं की पुढच्या वर्षी सिस्टीम आपणहून सवलत लावेल. ज्याने सांगितलं त्याचा सल्ला यापुढे कशातच घेऊ नका. पीटी-३ नावाचा अर्ज असतो, तो भरून कागद जोडून द्यावा लागतो. त्याआधी बिलावर नाव तुमचं आहे का ते बघा. रिसेलमध्ये निम्मे लोक इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, कपाटात ठेवतात आणि महापालिकेच्या दप्तरी जुन्याच मालकाचं नाव वर्षानुवर्षं नांदत असतं. ज्याच्या नावावर मिळकत नाही तो "मी स्वतः राहतो" हे कुठल्या तोंडाने लिहून देणार? आधी नाव लावून घ्या, मग पीटी-३.

फरक किती पडतो तेही सांगते, कारण यात भलेभले गोंधळतात. सवलत गेली म्हणजे बिल ४० टक्क्यांनी वाढलं, असं आमच्या इमारतीतले इंजिनिअरसुद्धा म्हणत होते. समजा तुमच्या फ्लॅटचं वार्षिक वाजवी भाडं ६०,००० रुपये धरलं. देखभालीची १० टक्के वजावट केली की राहिले ५४,०००. स्वतः राहत असाल तर त्यावर ४० टक्के सूट, म्हणजे कर लागतो ३२,४०० वर. सूट काढली की तोच कर ५४,००० वर. ही वाढ जवळजवळ ६७ टक्के झाली. तुमचं बिल शेजाऱ्याच्या दीडपटीहून जास्त दिसतंय ते याच हिशेबाने.

ही सवलत म्हणजे सरकारने अलीकडे दिलेली दिवाळी भेट नव्हे. महापालिकेने १९७० साली ठराव करून ती दिली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारने ठराव विखंडित म्हणजे रद्द केला, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या मिळकतींना सवलत मिळेनाशी झाली. जुन्यांपैकी ज्यांच्या घरी सर्व्हेत 'मालक राहत नाही' अशी नोंद झाली त्यांचीही काढली, आणि वर मागच्या फरकाची बिलं धाडली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्याची पोटनिवडणूक झाली. मार्चच्या सुरुवातीला निकाल लागला, भाजपचा वर्षानुवर्षांचा गड गेला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मंत्रिमंडळाने सवलत पूर्ववत केली. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. मी कसब्यात मतदार नाही, पण कसबेकरांची आभारी आहे. त्याच फटक्यात देखभालीची वजावट मात्र १५ वरून १० टक्क्यांवर आणली, कारण कायद्यात १० टक्केच आहे. त्यावर कोणी फटाके लावले नाहीत.

आता अर्जाबरोबर काय लागतं. सोसायटीचं पत्र, की मालक स्वतः राहतो. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांतला पुरावा. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. पंचवीस रुपये शुल्क. वाचायला सोपं वाटतं. पण 'सोसायटीचं पत्र' हे दोन शब्द ज्याने त्या यादीत घातले, त्याची माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी एकदा भेट घालून द्यायची माझी फार इच्छा आहे.

मी विमा कंपनीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. फ्लॅट सिंहगड रोडला, माझ्या एकटीच्या नावावर, माझ्या पगाराच्या कर्जातून घेतलेला. नोकरीत असताना माझा भाचा आमच्याकडे राहायला आला. दादा लातूर जिल्ह्यात शेती करतो, मुलाला एमपीएससी करायची होती. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं म्हटलं तर एका खोलीत चार-पाच जण, वर मेसचे पैसे वेगळे, अभ्यासिकेचे वेगळे. मी म्हटलं, पोरा, अभ्यासिकेत पेठेत जा, पण राहा इथे, बस दारातून जाते. यात विचार करण्यासारखं काय होतं? घरात आत्या असताना पोरगं पुण्यात कॉट शोधत हिंडलं असतं तर दादाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि मलाही.

त्याच सुमारास महापालिकेचा जीआयएस सर्व्हे, म्हणजे मिळकतींची नकाशावर नोंद घेण्याचं काम, चालू होता. खासगी कंपन्यांची मुलं हातात टॅब घेऊन दारोदार फिरायची. आमच्याकडे आलं तेव्हा दुपार होती, मी ऑफिसात, हे बँकेत गेलेले. भाच्याने दार उघडलं. "मालक आहेत का?" "आत्या कामावर गेलीय." एवढंच बोलणं झालं. यात भाडेकरू कुठून आला? तर खालून. ते टॅबवालं पोरगं पार्किंगमध्ये उतरलं आणि तिथे आमचे सेक्रेटरी उभे. त्यांनी न विचारता माहिती पुरवली की वरती तो मुलगा भाड्याने राहतो. हे मला वॉचमनने सांगितलं, आणि सेक्रेटरींनी पुढे सर्वांदेखत कबूलही केलं, अभिमानाने, की खरं ते सांगितलं.

त्यांचा युक्तिवाद काय होता ऐका. दादा दरवर्षी सुगी झाली की टेम्पोतून ज्वारीची पोती आणि तूरडाळ पाठवतो. माझं लग्न झाल्यापासून पाठवतोय, भाचा जन्मायच्या आधीपासून. ती पोती लिफ्टमधून वर जाताना सेक्रेटरींनी बघितली होती. त्यांचं म्हणणं, हे भाडंच आहे, फक्त धान्यात. वार्षिक सभेत, चार लोकांसमोर, सेक्रेटरी असं म्हणाले. आणि पुढे, भाडेकरू ठेवलाय तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस द्या.

मी तिथेच विचारलं, "साहेब, मी रोज सकाळी दूध घ्यायला खाली येते, तुम्हाला दिसते ना? मग नॉन-ऑक्युपन्सी कसली? मालक राहत नसेल तेव्हा लागतं ते." आणि ज्यांना लागतं त्यांनाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हा २००१ चा सरकारी आदेश आहे, आणि सेक्रेटरी तर त्याहून जास्त लावायला निघाले होते. सभेत सगळे गप्प. आमच्याकडे सभेत लोक वेफर्स खायला येतात.

पुढे यथावकाश बिल आलं. सवलत गायब, फरक जोडलेला. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत त्यात छापून आली होती. हे म्हणाले, भरून टाक, कटकट नको. आमच्या घरात कटकट नको म्हणणारे हे आहेत आणि कटकट निस्तरणारी मी आहे. पैसे मी भरले, कारण थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते आणि तत्त्वासाठी २ टक्के देण्याइतकी मी श्रीमंत नाही. पण हरकतीचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली.

२०२३ मध्ये सवलत परत आली, पीटी-३ भरा म्हणाले, १५ नोव्हेंबरची मुदत होती ती ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवली. मला काय, सगळे कागद तयार. राहिलं सोसायटीचं पत्र. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंग कधी? दिवाळीनंतर बघू. मुदत दिवाळीच्या आसपासच संपते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग म्हणाले, पत्र द्यायला हरकत नाही, पण त्यात 'सोबत एक अन्य व्यक्ती राहते' असं लिहावं लागेल. अन्य व्यक्ती! तोवर भाचा दोनदा पूर्वपरीक्षेत अडकून गावी परतलाही होता. घरात आम्ही दोघं आणि एक तुळस.

मी पत्र स्वतः टाइप केलं आणि अध्यक्षांकडे गेले. आमचे अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, पण सही खणखणीत. त्यांनी वाचलं, म्हणाले, "तू राहतेस ना इथे? मग झालं." सही झाली, शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात. ते बाहेर गेलेले असताना मी त्यांच्या घरी गेले, वहिनींनी दार उघडलं. त्यांना मी स्वच्छ सांगितलं कशासाठी हवाय. त्या आत गेल्या, शिक्का आणि पॅड दोन्ही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दोन प्रती करून ठेवा, परत लागेल. त्या बाईंबद्दल मी कधी वाकडा शब्द ऐकून घेणार नाही.

सवलत लागली. जादा भरलेले रोख परत मिळत नाहीत, पुढच्या बिलांतून वळते होतात. बिलावर ते बारीक अक्षरात असतं, शोधावं लागतं.

आणि आता जे मी त्या सभेत बोलले नाही ते इथे लिहिते. त्याच सेक्रेटरींचा आमच्याच इमारतीत दुसरा फ्लॅट आहे. त्यात आयटीतली तीन मुलं राहतात, दरमहा भाडं देतात, तेही ज्वारीत नव्हे. त्या फ्लॅटला सर्व्हेच्या वेळी सवलत चालू होती आणि चालूच राहिली, कारण टॅबवाल्या पोराला इमारतीची माहिती कोणी दिली ते वर लिहिलंच आहे. मी नाव घेत नाही. वाचलं तर त्यांना कळेल.

म्हणूनच या सगळ्या धोरणावर माझा राग आहे, सवलतीवर नाही. ज्यांनी घर भाड्याने दिलंय त्यांची सूट काढा, जरूर काढा, मी टाळ्या वाजवीन. त्यांचा भाडेकरार शोधा. त्याऐवजी केलं काय, तर राहणाऱ्यालाच सांगितलं की तू राहतोस हे सिद्ध कर, आणि साक्षीदार म्हणून नेमला सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या नावाचं वीजबिल, माझं मतदान याच पत्त्यावर, गॅस याच पत्त्यावर. तरी मी घरात राहते की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याच्याशी माझं पार्किंगवरून भांडण आहे तो. शिवाय हा अर्जांचा खेळ चालला तेव्हा दाद मागायला नगरसेवकही नव्हता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे प्रशासक. नगरसेवक असताना तो काही करायचा असं नाही, पण निदान त्याच्या ऑफिसात जाऊन मोठ्याने बोलता तरी यायचं.

तर तुमचं. सोसायटीचं पत्र कोणी लिहून देईल म्हणून थांबू नका. मजकूर स्वतः करा: सदर सदनिकेत मालक स्वतः कुटुंबासह राहतात. 'सध्या', 'बहुधा', 'आमच्या माहितीप्रमाणे' असले शब्द घालू देऊ नका. पेठ निरीक्षक, म्हणजे महापालिकेच्या कर खात्याचा माणूस, पाहणीला येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस दारात असू द्या. घरी पाहुणा, भाचा, पुतण्या कोणी असेल तर लपवायची गरज नाही, पण त्याला नीट बोलायला शिकवून ठेवा. माझ्या मते नातेवाईक म्हणजे भाडेकरू नव्हे, आणि यावर मी कोणाशीही कुठेही वाद घालायला तयार आहे.

बिल मात्र लवकर भरण्याची सूट असते त्या मुदतीत भरा, भांडण चालू असलं तरी. लवकर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात सूट असते, वार्षिक करपात्र रक्कम २५,००० पर्यंत असेल तर १० टक्के, त्याच्या वर ५ टक्के. थकबाकीवरचा दंड माफ करणारी अभय योजना येईल म्हणून थांबणारे महाभाग आहेत, त्या येतातही अधूनमधून, आणि वेळेवर भरणाऱ्याला दरवेळी मूर्ख ठरवून जातात. तरी थांबू नका.

आणि हो, तुम्ही सिंहगड रोड एवढंच लिहिलंय. फ्लॅट जुन्या हद्दीत आहे की समाविष्ट गावात? २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आत घेतली, तिथे कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची वेगळी पद्धत आहे आणि त्यावरून वेगळी भांडणं आहेत, त्यामुळे वरचा माझा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. शेजाऱ्याचं बिल मागून दोन्हींवरची करपात्र रक्कम आधी ताडून बघा. फरक ३२,४०० आणि ५४,००० च्या प्रमाणात नसेल तर तुमचा प्रश्न नुसता सवलतीचा नाही, क्षेत्रफळासारखं काहीतरी चुकीचं नोंदलेलं असू शकतं, आणि त्यासाठी पीटी-३ चा काही उपयोग नाही.