वाचकांचे प्रश्न : युद्धाला धर्म कितपत कारणीभूत?

प्रश्न : जगातील बहुतेक युद्धे धर्मामुळेच झाली, असे सर्रास म्हटले जाते. इतिहासाच्या कसोटीवर हे विधान टिकते का?

उत्तर : ‘बहुतेक’ हा शब्द टिकत नाही. दोन्ही महायुद्धांच्या मुळाशी धर्म नव्हता, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. पण ज्यांना खुद्द धर्मयुद्धे म्हटले जाते, त्यांतही धर्माचे काम नेमके कोणते होते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

चौथ्या क्रुसेडचेच, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून परत घेण्यासाठी पोपच्या हाकेवर निघालेल्या ख्रिस्ती मोहिमांपैकी चौथीचेच घ्या. जेरुसलेमच्या मुक्तीसाठी निघालेल्या या सैन्याने ८५,००० मार्क चांदीच्या बोलीवर व्हेनिसकडून जहाजे बांधून घेतली होती. प्रत्यक्षात अपेक्षेच्या जेमतेम एकतृतीयांश माणसे जमली आणि पैसे फिटेनात. तेव्हा व्हेनिसच्या वृद्ध, अंध प्रमुखाने, एन्रिको दांदोलोने, तोड सुचवली : आमच्याविरुद्ध उठलेले झारा शहर जिंकून द्या, उरलेल्या देण्याचे नंतर पाहू. झारा कॅथलिकांचे शहर होते. आपण ख्रिस्तीच आहोत हे दिसावे म्हणून तेथील लोकांनी तटावर क्रूस टांगले, तरीही १२०२ मध्ये ते लुटले गेले. तिसरा इनोसंट या पोपने सैन्याला बहिष्कृत केले खरे, पण १२०४ मध्ये त्याच सैन्याने ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलही लुटले. माणसे गोळा झाली ती धर्माच्या हाकेने; त्यांना वाट मात्र कर्जाने दाखवली.

मध्य युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या ख्रिस्ती पंथांत पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) हीच गुंतागुंत दिसते. कॅथलिक फ्रान्सचा कारभार पाहणारा रिशल्यू स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी, आणि १६३१ पासून तो पवित्र रोमन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या प्रॉटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवत होता! तरीही या युद्धात धर्म निव्वळ निमित्तमात्र होता असे म्हणणे मला पटत नाही, कारण ज्याला आपण पाखंड मानतो त्याच्याशी तडजोड करणे हेच पाप ठरत असल्याने तह वर्षानुवर्षे लांबत गेला. अखेर वेस्टफेलियाच्या तहात खरा पंथ कोणता हा वादच बाजूला ठेवून, चर्चची मालमत्ता १ जानेवारी १६२४ रोजी ज्याच्या ताब्यात होती त्याच्याकडे राहावी, असा सर्वसाधारण दंडक घालण्यात आला. पोपने त्याचा निषेध केला, पण तो कोणी मनावर घेतला नाही.

प्रश्न : धर्माने युद्धाला आवर घातल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे. अकराव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्चने ‘देवाचा युद्धविराम’ पुकारला. त्यानुसार बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत सरदारांना आपसांत लढण्यास मनाई होती. ती सर्वत्र पाळली गेली असे नाही. पोप दुसऱ्या अर्बनने १०९५ मध्ये क्लेरमाँच्या धर्मसभेत या युद्धविरामाला पुन्हा मान्यता दिली, आणि पहिल्या क्रुसेडची हाकही त्याच सभेत दिली.