सन टाइप ५ : कुणालाही वायर कापू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की भंगारात सनचा (सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीचा) टाइप ५ कीबोर्ड मिळाला, ८ पिनांचा गोल प्लग आहे, आणि दुरुस्तीवाला म्हणतोय, "प्लग कापून पीएस/२ चा (जुन्या पीसीच्या कीबोर्डचा गोल प्लग) लावून देतो, तासाभराचं काम." हे वाचून राहवलं नाही. अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर आत्ताच फोन करून थांबवा.

माझ्या पहिल्या टाइप ५ चं नेमकं हेच झालं. दुकानाचं नाव घेत नाही. दुकानदार आत्मविश्वासाने म्हणाला, शेवटी कीबोर्डच आहे, पिना जुळवल्या की झालं. त्याने मूळ प्लग कापून फेकून दिला, तारांच्या रंगांवरून अंदाज बांधला आणि ५ व्होल्ट उलटे जोडले. कीबोर्ड हातात आला तेव्हा आतली कंट्रोलर चिप मेलेली होती. वर मला ऐकवलं, "कीबोर्ड आधीपासूनच खराब होता." मी तो घरी तपासून, चालू स्थितीत नेऊन दिला होता! मजुरीही घेतली. पैशांचं जाऊ द्या, पण कापलेला प्लग तरी परत द्यायचा ना. तसा प्लग नव्याने लावणं किती किचकट आहे ते सोल्डरिंग करणाऱ्यांना विचारा: पिना इतक्या जवळ असतात की तापलेलं सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं तर प्लास्टिक वितळून पीन तिरकी होते.

मुद्दा असा की तारा कितीही बरोबर जोडल्या तरी हे चाललंच नसतं. पीएस/२ मध्ये डेटाच्या जोडीला क्लॉकची, म्हणजे बिटांचा ताल देणारी तार असते. सनच्या कीबोर्डला क्लॉकच नाही. तो १२०० बॉडने (सेकंदाला १२०० बिट) साधी सिरियल बोलतो, म्हणजे एकाच तारेवर एकामागून एक बिट, एका बिटला सुमारे ८३३ मायक्रोसेकंद. आणि ती सिरियलही उलटी: काही चालू नसताना तार ० व्होल्टवर असते, आपल्या नेहमीच्या टीटीएलसारखी (५ व्होल्टच्या सर्किटसारखी) ५ वर नाही. त्यामुळे "८ पिनी ते पीएस/२" म्हणून कुणी नुसती वायर विकत असेल तर ते पैसे पाण्यात. मध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे भाषांतर करणारी प्रोग्रॅम करता येणारी चिप लागतेच. प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड (५ व्होल्टवालाच घ्या, ३.३ चा नको) आणि क्यूएमके किंवा टीएमके हे कीबोर्डचं मोफत फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्रॅम), दोन्हींत सनसाठी कन्व्हर्टर तयार आहे. फर्मवेअर कसं चढवायचं ते सगळीकडे लिहिलेलं आहे, इथे परत लिहीत नाही.

पण त्याच्याही आधी कीबोर्ड जिवंत आहे का ते बघा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला नाही, तेव्हा हे स्वतःच्या जबाबदारीवर करा. १ आणि २ नंबरच्या पिना ग्राउंड, ३ आणि ८ म्हणजे ५ व्होल्ट. मल्टिमीटर बीपवर ठेवा: १-२ एकमेकांना वाजायला हव्यात, ३-८ एकमेकांना. या दोन जोड्या आपसात वाजल्या तर तिथेच थांबा, वीज देऊ नका. ५ आणि ६ वर कीबोर्डचं येणं-जाणं आहे, ४ माउसची, ७ पॉवर बटणाची.

मग कीबोर्ड काय पाठवतो ते कॉम्प्युटरवर बघायला एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप असलेला यूएसबी-सिरियल अडॅप्टर घ्या. त्यांच्याच एफटी-प्रॉग सॉफ्टवेअरमध्ये आरएक्स आणि टीएक्स उलटे करता येतात. स्वस्तातला सीपी२१०२ चिपवाला अडॅप्टर इथे उपयोगाचा नाही. ५ आणि ६ च्या तारांत प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, म्हणजे अदलाबदल झाली तरी काही जळणार नाही. वेग १२००, ८ बिट, पॅरिटी नाही. A दाबा: ७७ आलं पाहिजे, सोडल्यावर २०५ (सोडताना १२८ वाढतात). Stop चा कोड १. तुमच्याकडून १ पाठवलात तर कीबोर्ड रीसेट होऊन २५५ आणि ४ परत पाठवतो. हे दोन आकडे दिसले की निर्धास्त व्हा, उरलेलं काम सॉफ्टवेअरचं. आणि २ पाठवून बघाच: ३ पाठवेपर्यंत बीप थांबत नाही!

आता माझं मत, पटलं तर घ्या. टाइप ५ मेकॅनिकल नाही, आत रबरी घुमट आहेत. खटखट आवाजासाठी घेत असाल तर निराशा होईल. मी तो वापरतो मांडणीसाठी. युनिक्स लेआउटमध्ये A च्या शेजारी कंट्रोल, १ च्या शेजारी एस्केप, आणि डावीकडे Stop, Again, Undo, Copy, Paste, Cut, Find ची स्वतंत्र रांग. दिवसभर टर्मिनलमध्ये काम करणाऱ्याला डाव्या हाताशी Copy-Paste मिळणं म्हणजे सुख आहे. मात्र घेताना लेआउट बघूनच घ्या, पीसी लेआउटवालेही बरेच फिरतात. आणि कन्व्हर्टरच्या भानगडीत पडायचंच नसेल तर सरळ टाइप ७ घ्या, तो यूएसबी आहे. टाइप ६ दोन्ही प्लगांत येतो, विकणाऱ्याकडून प्लगचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

साफसफाई करताना कीकॅप्स काढून साबणाच्या पाण्यात टाका, पण आतलं पटल (कळांखालचा पातळ प्लास्टिकचा थर) भिजवू नका. जुन्या प्लास्टिकचा पिवळेपणा मी तसाच ठेवतो.

तुम्ही त्याच भंगारवाल्याकडे खरी स्पार्कस्टेशनही (सनचा जुना कॉम्प्युटर) पडून आहे असं लिहिलंय. ती घेतलीत तर चालू असताना कीबोर्ड उपसू नका, मशीन थेट ok प्रॉम्प्टवर (मशीनच्या मूळ फर्मवेअरच्या आदेश-पडद्यावर) जाऊन थांबतं. तसं झालंच तर go टाइप करा, बहुतेक वेळा काम पुढे सुरू होतं. आणि जुना ऑप्टिकल माउस असेल तर त्याचा चकचकीत, बारीक रेघांचा धातूचा पॅड शोधा. त्या पॅडशिवाय तो माउस हलतच नाही, आणि भंगारवाले पॅडला नुसता पत्रा समजून वेगळा विकतात.