बाळंतपणातली इजा: आधी कागद ताब्यात घ्या

बाळंतपणात बाळाला इजा झाली आणि रुग्णालयावर दावा करायचा असेल, तर वकील गाठण्याआधी रुग्णालयाकडून पूर्ण केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पार्टोग्राफ (प्रसूतीची प्रगती नोंदवणारा तक्ता), नर्सच्या नोंदी, एनआयसीयूचे (नवजात अतिदक्षता विभागाचे) कागद आणि सीटीजीची (पोटातल्या बाळाचे ठोके आणि आईच्या कळा नोंदवणाऱ्या यंत्राची) पट्टी हवीच. ही पट्टी बहुधा थर्मल कागदावर असते, अक्षरं पुसट होत जातात. मिळाल्याच दिवशी स्कॅन करा.

मग पट्टीवरची वेळ आणि नोंदवहीतली वेळ शेजारीशेजारी मांडा. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 च्या बाहेर कधी गेले, डॉक्टरांना कधी कळवलं, सिझेरियन कधी सुरू झालं? दाव्याचा सगळा जीव या मिनिटांत असतो. घड्याळं जुळत नसतील तर तेही टिपून ठेवा.

चूक दाखवली म्हणजे झालं, असं नाही. त्या चुकीमुळेच इजा झाली हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि दावे बरेचदा इथेच अडतात. नाळेच्या रक्ताचा पीएच 7.0 च्या खाली (म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं), 5 आणि 10 मिनिटांचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले गुण) कमी, मेंदूचा एमआरआय त्याला जुळणारा, तर बाजू भक्कम होते. जनुकीय आजार किंवा गर्भातला संसर्ग हा मुद्दा समोरून येणारच. त्या तपासण्या आधीच करून घ्या. हलगर्जीपणासाठी प्रसूतितज्ज्ञाचं आणि कारणासाठी बालमेंदूविकारतज्ज्ञाचं, अशी दोन मतं लागतात. दाव्याची मुदत मात्र वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.